बग कळवला. पुढे?

निळी_शाई

लोकहो, मुक्त सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना, आणि त्याहून जास्त ते बनवणाऱ्यांना, एक विचारायचंय.

आमचं एक छोटं त्रैमासिक निघतं. सगळी जुळणी मुक्त सॉफ्टवेअरवर करतो. त्यातल्या एका प्रोग्रॅममधून पीडीएफ काढली की 'ऱ्य' फुटतो. पडद्यावर 'दऱ्या' अगदी नीट दिसतं, पीडीएफमध्ये मात्र नुक्तावाला र, त्याचा मोडलेला पाय आणि शेजारी सुटा य. दर अंकाला असे शब्द हुडकून त्यांच्या जागी चित्र चिकटवावं लागतं.

बग रीतसर कळवला. खातं उघडलं, स्क्रीनशॉट जोडला, चुकलेल्या जागी लाल गोल केला. कोणी चकार शब्द काढला नाही. मग बऱ्याच काळाने ईमेल आला. उत्साहाने उघडला तर यंत्राचा निघाला: इथे बरेच दिवस काही हालचाल नाही, म्हणून हा बग बंद करत आहोत. अहो, हालचाल कोणी करायची होती?

प्रोग्रॅमचं नाव मुद्दाम देत नाहीये. कोणावर राळ उडवायची नाही, फक्त पलीकडे काय चालतं ते समजून घ्यायचंय. कोणी वाचतच नाही, की वाचून गप्प बसतात?

उंटावरचा

ताई, तुमचा बग अजून रांगतोय. ग्नोम या लिनक्सच्या डेस्कटॉपमध्ये फाइल निवडायच्या खिडकीत फोटोंची छोटी चित्रं जाळीत दिसावीत, ही मागणी २००४ मध्ये नोंदवली गेली. ती पुरी झाली ग्नोम ४४ मध्ये, म्हणजे मार्च २०२३ ला. मागणी केली त्या वर्षी जन्मलेलं पोर तोवर मतदार झालं.

मायएसक्यूएल या डेटाबेसचा ११४७२ क्रमांकाचा बग जून २००५ चा. एका तक्त्यातल्या बदलामुळे जोडलेल्या तक्त्यातल्या ओळी आपोआप बदलल्या (फॉरेन की कॅस्केड), की त्या बदलावर चालायला हवेत ते ट्रिगर चालत नाहीत, अशी तक्रार. लोक तिथे वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायला जायचे. आणि उबंटू या लिनक्सचा बग क्रमांक १ खुद्द त्याचे संस्थापक मार्क शटलवर्थ यांनी २००४ मध्ये नोंदवला होता: बाजारात मायक्रोसॉफ्टचा वाटा सर्वात मोठा आहे. २०१३ मध्ये त्यांनी स्वतःच तो बंद केला.

तेव्हा चहा घ्या आणि वाट बघा.

निळी_शाई

हसले, पण फरक आहे ना. फोटोंची चित्रं ही नवी सोय झाली. नसली तरी खिडकी उघडत होती. माझं अक्षर मोडतंय. आणि वाट बघायलाही हरकत नव्हती हो, बग उघडा ठेवला असता तर.

रात्रपाळी

पहिला प्रश्न हा की, जिथे कळवलंत तिथे कोणी बसतं का? विचित्र वाटेल, पण पुष्कळ प्रकल्पांत तक्रारपेटी एकीकडे आणि माणसं दुसरीकडे असतात.

लिनक्स कर्नेलचंच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचंच घ्या. त्याचं बगझिला, म्हणजे बगांची नोंदवही आहे, कोणीही खातं काढून बग टाकू शकतो. पण कर्नेलच्या अधिकृत कागदपत्रांतच बजावलंय की बहुतेक विभागांचे मेंटेनर, म्हणजे ते सांभाळणारे, तिकडे फिरकत नाहीत, तिथली तक्रार अनुत्तरित राहण्याची शक्यता मोठी. त्यांना ईमेल हवा. तोही नेमक्या माणसाला आणि नेमक्या ईमेल यादीला. कोणाला, ते 'मेंटेनर्स' नावाच्या फायलीत असतं किंवा गेट-मेंटेनर ही स्क्रिप्ट सांगते. हे माहीत नसलेला माणूस बगझिलात दोन तास घालवून, सगळे लॉग जोडून, वर्षभर उत्तराची वाट बघतो.

दुसरं, तिथे 'चालत नाही' आणि 'आधी चालत होतं, आता चालत नाही' यांच्या वजनात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आधीच्या आवृत्तीत चालणारी गोष्ट नव्या आवृत्तीने मोडायची नाही, हा लिनक्सचे जनक टोरवाल्ड्स यांचा जुना आणि कडक नियम. त्यामुळे रिग्रेशन (आधी चालणारं मोडणं) म्हणून आलेली तक्रार ढकलणं कठीण जातं. आणि तुम्ही गिट बायसेक्ट करून (बदलांची यादी निम्मी-निम्मी करत) नेमकी कमिट, म्हणजे बिघडवणारा बदल, दाखवलीत, की ती लिहिणाऱ्याचं नावच त्या पत्रावर येतं. दोन आवृत्त्यांमध्ये साधारण तेरा-पंधरा हजार बदल असतात. दर वेळी निम्मे बाद होतात, म्हणजे चौदाएक वेळा कर्नेल बांधून (कंपाइल करून) चालवून बघायचा. सुट्टीचा दिवस जातो. पण उत्तर येण्याची शक्यता कितीतरी वाढते.

अवांतर: कर्नेलमध्ये एखादा बंदिस्त ड्रायव्हर भरलेला असेल तर कर्नेल 'टेंटेड' (डागाळलेला) ठरतो आणि पुष्कळ जण तिथेच वाचायचं थांबतात. एनव्हिडियावाल्यांनी हे पूर्वी भरपूर भोगलंय.

मॅन्युअल_माई

पोटापाण्यासाठी टेस्टिंगच करते, म्हणून जरा खुसपट काढते.

रात्रपाळी, तुम्ही म्हणता ते खरं, पण त्याचा अर्थ असा की कळवणाऱ्याने आधी निम्मं डिबगिंग करून यावं. नीलताईंनी कर्नेल बांधायचा का? त्या अंक काढतात.

ऑफिसात बग टाकला की तो कोणाच्या तरी नावावर पडतो. रोज सकाळी ट्रायेज, म्हणजे बगांची छाननी, उघड्या बगांची यादी, त्यापुढे नाव, नावापुढे तारीख. डेव्हलपर 'माझ्या मशीनवर चालतंय' म्हणाला तर मी लॅपटॉप उचलून त्याच्या टेबलावर नेऊन ठेवते. विषय संपला. मुक्त प्रकल्पात ते टेबलच नाही. मोझिलाच्या बगझिलात नवा बग ज्याच्या नावावर पडतो ते खातं 'नोबडी' नावाचं आहे. पुढे लिहिलेलंही असतं, की घेऊन काम करायला हरकत नाही. कमालीचा प्रामाणिकपणा, मला आवडतो. नाहीतर इतर ठिकाणी एखाद्या बिचाऱ्याचं नाव वर्षानुवर्षं लटकत राहतं आणि त्याने प्रकल्प कधीच सोडलेला असतो.

तरी माझी मागणी साधी आहे. दुरुस्ती नको. कोणीतरी एका ओळीत लिहावं: वाचलं, माझ्याकडेही घडतं, किंवा घडत नाही. एवढ्यानेच टेस्टर पुढचा बग नीट लिहितो.

एकटा_जीव

मी त्या पलीकडच्या बाजूचा. एक छोटी लायब्ररी (इतर प्रोग्रॅम वापरतात तो तयार कोड) सांभाळतो, नोकरी वेगळी आहे. नाव सांगत नाही, इथेही बग टाकाल.

माई, ती एक ओळ फुकट पडत नाही. 'माझ्याकडेही घडतं' असं लिहायचं तर आधी घडवून बघायला लागतं. रिपोर्टमध्ये आवृत्ती नाही, ऑपरेटिंग सिस्टिम नाही, नुसतं 'इट इज नॉट वर्किंग, प्लीज डू द नीडफुल'. मग विचारायचं. तो आठवड्याने उत्तर देतो, तेही निम्म्याच प्रश्नांना. तेवढ्यात माझा त्यातला धागा सुटलेला असतो.

आणि एकदा उत्तर दिलं की ते देणं लागल्यासारखं होतं. 'बघतो' म्हटलं की महिन्याभराने 'एनी अपडेट?' सुरू. खरं सांगायचं तर माझ्या गप्प बसण्यात तीन वेगवेगळे प्रकार असतात. काही बग मला कळलेलेच नसतात. काही कळलेत, पटलेत, पण सोडवायचे तर अर्धी लायब्ररी उपसायला लागेल. आणि काही मला करायचेच नाहीत, पण तसं लिहिलं की वाद होतो, म्हणून टाळतो. बाहेरून तिन्ही सारखेच दिसतात, मान्य.

हे फक्त छोट्यांचं नाही. एक्सएमएल फायली वाचणारी लिबएक्सएमएल२ ही लायब्ररी अगणित प्रोग्रॅमांच्या पोटात आहे. तिच्या तेव्हाच्या मेंटेनरने जून २०२५ मध्ये जाहीर केलं की सुरक्षेच्या त्रुटींनाही यापुढे वेगळी वागणूक नाही. गुप्तता नाही, मुदत नाही, इतर बगांसारखाच एक बग. कारण दर आठवड्याचे कित्येक तास बिनपगारी त्यातच जात होते. नेटवरून फायली आणणाऱ्या कर्ल या साधनाचे डॅनियल स्टेनबर्ग २०२४ च्या सुरुवातीपासून ओरडतायत की एआयने लिहिलेले, दिसायला झकास आणि आत पोकळ असे रिपोर्ट निस्तरण्यात वेळ जातो. पूर्वी वाईट रिपोर्ट निदान वाईट दिसायचा, दहा सेकंदांत बाजूला करता यायचा.

मॅन्युअल_माई

तिसऱ्या प्रकाराबद्दल भांडणार. करायचं नसेल तर 'वोंटफिक्स' (दुरुस्त करणार नाही) लिहून बंद करा ना. माणूस दुसरा मार्ग शोधेल. गप्प बसून तुम्ही त्याला दारात उभं ठेवता.

एकटा_जीव

एकदा लिहून बघा. 'वोंटफिक्स' लिहिलं की त्याच संध्याकाळी चार अनोळखी लोक येऊन समजावतात की मला माझाच प्रकल्प कळलेला नाही. गप्प बसलं तर एकच माणूस नाराज होतो, तोही हळूहळू. बरोबर आहे असं म्हणत नाही. का होतं ते सांगतोय.

कोदंड

या गप्प बसण्याचा आणि मागे लागण्याचा कोणी कसा फायदा उठवला ते सांगितल्याशिवाय हा धागा अपुरा राहील.

एक्सझेड ही फाइल लहान करायची लायब्ररी. जवळपास प्रत्येक लिनक्स डिस्ट्रिब्यूशनमध्ये आहे. बरीच वर्षं तिचा भार लासे कॉलिन या एकाच माणसावर. २०२२ मध्ये तिच्या ईमेल यादीवर काही जण तक्रार करू लागले: पॅच (इतरांनी पाठवलेल्या दुरुस्त्या) पडून आहेत, उत्तरं येत नाहीत, मेंटेनरला रस उरलेला नाही, दुसऱ्या कोणाला तरी घ्या. त्यातलं एक नाव होतं जिगर कुमार. (हो, आपल्याकडचं वाटेल असं.) कॉलिनने शांतपणे उत्तर दिलं की रस गेलेला नाही, पण मानसिक आरोग्याच्या जुन्या तक्रारींमुळे फार झेपत नाही आणि हा बिनपगारी छंद आहे हेही लक्षात ठेवावं. याच काळात 'जिया तान' नावाचा एक कामसू मदतनीस पॅच पाठवत होता. हळूहळू त्याला अधिकार मिळाले. ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत त्याने चोरदरवाजा बसवला.

तो जाहीर झाला २९ मार्च २०२४ ला. पोस्टग्रेस या डेटाबेसचे डेव्हलपर आंद्रेस फ्रॉइंड वेगळंच काहीतरी मोजत होते, त्यात एसएसएच (दूरच्या संगणकावर शिरायची सोय) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं. त्यांनी पिच्छा सोडला नाही. आता बहुतेकांचं मत असं की तक्रार करणारी ती खाती बनावट होती, दबाव आणण्यासाठीच उघडलेली.

म्हणजे बघा, त्या ईमेलांतलं एकही वाक्य वेगळं काढून वाचलं तर खोटं वाटत नाही. पॅच खरंच पडून होते. उत्तरं खरंच उशिरा येत होती. आपल्यातला कोणीही वैतागून तेच लिहील. तेव्हापासून 'एनी अपडेट?' टाइप करताना माझा हात जरा अडखळतो.

उंटावरचा

कोदंडराव, दंडवत. आणि त्या अर्ध्या सेकंदालाही.

अनुस्वार

आता मूळ बगाकडे येऊ का? भारतीय लिप्यांच्या फॉन्टचं काम करतो. नीलताई, तुमचा रिपोर्ट पाहिलेला नाही, पण स्क्रीनशॉट आणि लाल गोल म्हणालात त्यावरून अंदाज येतो.

जर्मनीत किंवा ब्राझीलमध्ये बसलेल्या माणसाला तो गोल बघून काहीच कळत नाही. त्याला दोन्ही आकार नक्षीच वाटतात. त्याला 'चूक' कळवायची नाही, दोन गोष्टींतला फरक दाखवायचा. मी नेहमी 'आचार्याला' आणि 'आचाऱ्याला' ही जोडी देतो. खाली एक ओळ: पहिला शिकवतो, दुसरा स्वयंपाक करतो, मराठीत दोन्ही रोजचे शब्द आहेत. मग अक्षरांचे यूनिकोड क्रमांक. तुमच्या 'ऱ्य' साठी ०९३१, ०९४डी, ०९२एफ. हे महत्त्वाचं, कारण काही कीबोर्ड हेच अक्षर साधा र, हलंत आणि झेडडब्ल्यूजे (न दिसणारं जोडचिन्ह) अशा वेगळ्या क्रमाने टाइप करतात. दिसायला तेच, आतून वेगळं.

पुढे आरोपी कमी करायचे. अक्षर मोडलं तर फॉन्टचा दोष असेल, जोडाक्षर जुळवणाऱ्या इंजिनाचा असेल, नाहीतर प्रोग्रॅमचा. फायरफॉक्स, क्रोम, आणि ५.३ पासून सगळीकडे लिबरऑफिस, हे सगळे जुळणीसाठी हार्फबझ हे इंजिन वापरतात. त्याच्यासोबत एचबी-शेप नावाचं कमांड-लाइनवरचं छोटं साधन मिळतं. त्याला फॉन्टची फाइल आणि शब्द दिला की कोणते ग्लिफ (फॉन्टमधले आकार) वापरले त्यांची नावं छापतं. तिथे अर्धा र आणि य आला तर फॉन्ट आणि इंजिन दोन्ही सुटले. तुमच्याकडे पडद्यावर बरोबर दिसतंय, तेव्हा बहुधा सुटलेच आहेत. मग पीडीएफवर पीडीएफफॉन्ट्स ही कमांड चालवा. आत कोणता फॉन्ट आहे आणि तो एम्बेड झालाय (फाइलमध्येच भरलाय) का, ते कळेल. तिथे भलताच फॉन्ट दिसला तर गोष्ट तिथेच संपते.

आणि बग एका शब्दाच्या फायलीत आणून द्या. चौसष्ट पानांचा अंक जोडला तर तो कोणी उघडणार नाही.

अवांतर: 'ल आणि श हिंदीसारखे दिसतात' हा बगही वारंवार येतो आणि 'इन्व्हॅलिड' म्हणून बंद होतो. फॉन्टमध्ये मराठीचे आकार असतात, पण मजकुराची भाषा मराठी निवडलेली नसते. लोक चिडतात. तिथे मात्र मेंटेनरचं बरोबर असतं.

निळी_शाई

अनुस्वार, खूप आभार. केलं सगळं. एचबी-शेप बसवायला भाच्याला बसवलं. ग्लिफ बरोबर येतात. पीडीएफफॉन्ट्समध्ये आमचाच फॉन्ट, एम्बेड झालेला. तेच वाक्य त्याच फॉन्टमध्ये फायरफॉक्सवरून पीडीएफ केलं तर नीट. म्हणजे त्या प्रोग्रॅमचा पीडीएफ काढणारा भागच.

नवा रिपोर्ट टाकला, जुन्याचा क्रमांक देऊन. आचारी-आचार्य जोडीसकट, एका शब्दाची फाइल. आणि एक माणूस आला! आवृत्ती विचारतोय, आणि ठळक अक्षरांतच होतं की साध्यातही.

मॅन्युअल_माई

अभिनंदन, पण उत्तर आजच द्या. आता बहुतेक तुमचा बग 'माहिती हवी' या अवस्थेत गेला असेल आणि घड्याळ तुमच्या नावाने सुरू झालं असेल. केडीई या डेस्कटॉपच्या प्रकल्पात पंधरा दिवसांनी आठवण आणि आणखी पंधरा दिवसांनी बंद. उबंटूच्या लाँचपॅडवर साठ दिवस. लिबरऑफिस जरा दिलदार, सहा महिने थांबतात, मग इशारा, मग महिन्याभराने बंद. हे घड्याळ मला मान्य आहे. चेंडू कळवणाऱ्याकडे आहे, त्याने टोलवला नाही तर संपलं.

मान्य नाही ते दुसरं घड्याळ. कळवणाऱ्याने सगळं दिलंय, पलीकडून कोणी आलंच नाही, आणि तरी यंत्र येऊन बंद करतं. गिटहबवरच्या स्टेल बॉटची (जुने बग बंद करणाऱ्या यंत्राची) मूळ सेटिंग साठ दिवसांनी शिक्का आणि सात दिवसांनी बंद अशी. बगाला काय ठाऊक साठ दिवस झाले! तो तिथेच असतो.

फेडोरा या लिनक्सचं मला मधलं वाटतं. त्यांची आवृत्ती साधारण तेरा महिने जगते. ती संपली की तिच्यावरचे उघडे बग बंद, पण आधी सांगतात की नव्या आवृत्तीतही घडत असेल तर आवृत्ती बदला, उघडा राहील. निदान काहीतरी कारण आहे.

एकटा_जीव

बॉट मी लावला होता, काढला. उघड्या बगांचा आकडा छान दिसायला लागला आणि तेच चार बग नव्या नावांनी परत यायला लागले. जेमी झाविन्स्की या प्रोग्रॅमरने २००३ मध्ये ग्नोमबद्दल हीच तक्रार केली होती: जुने बग सोडवायचे नाहीत, सगळं नव्याने लिहायचं आणि यादी पुसून टाकायची. तेव्हा हे काम माणसं करायची एवढाच फरक.

आता एक लेबल ठेवलंय: 'पटलं, मी करणार नाही, पॅच घेईन'. माई, तुमचा तिसरा प्रकार काही अंशी मिटला. वाद अजून होतात, पण पॅचही येतात. हेमावैम (हे माझं वैयक्तिक मत), प्रत्येक प्रकल्पात असं लेबल असावं.

मॅन्युअल_माई

हे आवडलं. +१

उंटावरचा

एक गंभीर प्रश्न, पहिल्यांदाच. रात्रपाळींनी सांगितलेलं ते निम्मे-निम्मे बाद करणं माझ्यासारख्या कंपाइल न येणाऱ्याला जमेल का? लिबरऑफिस कॅल्कमध्ये एक गोष्ट जुन्या आवृत्तीत वेगळी चालायची असं पक्कं आठवतंय. विंडोज आहे.

रात्रपाळी

जमेल, आणि लिबरऑफिससाठी तर सोय तयार आहे. त्यांच्या क्यूए (तपासणी करणाऱ्या) मंडळींनी बिबिसेक्ट नावाच्या रिपॉझिटरी (साठे) ठेवल्यात. आत सोर्स नाही, बांधून तयार केलेले प्रोग्रॅम क्रमाने भरलेले आहेत. लिनक्स, विंडोज, मॅक तिघांसाठी. गिट बसवायचं, तुमच्या संशयाच्या काळातली रिपॉझिटरी उतरवायची, एक चांगली आणि एक वाईट आवृत्ती सांगायची. मग गिट मधली आवृत्ती काढून देतं, तुम्ही कॅल्क उघडून बघायचं आणि 'गुड' किंवा 'बॅड' टाइप करायचं. शेवटी जी ओळ येते ती जशीच्या तशी बगमध्ये चिकटवा आणि कीवर्डमध्ये 'बिबिसेक्टेड' लिहा.

फक्त डाउनलोड काही जीबींचा आहे. मोबाइल डेटावर सुरू करू नका, आणि डिस्कवर जागा आधी बघून घ्या.